साडीची कूस बदलणाऱ्या तायडे सिस्टर

दिवाळी आटोपली, की वर्षातून एक दिवस मला माझ्याच खोलीतून बाहेर काढलं जातं. ज्योती, म्हणजे माझी बायको, पलंगाखालची पेटी ओढते, पंखा बंद करते, चटईवर धुतलेली चादर अंथरते आणि माझ्याकडे नुसती पाहते. लग्नाला अकरा वर्षं झालेल्या माणसाला एवढं पुरतं. मी चहाचा कप घेऊन निमूटपणे ओट्यावर जाऊन बसतो. आत तिच्या लग्नाच्या साडीची घडी बदलणं चालू असतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. काचेच्या नाजूक नळ्या, आम्लाच्या बाटल्या, सूक्ष्मदर्शक, सगळं शाळेनं माझ्या ताब्यात दिलेलं आहे. त्या साडीच्या चार हातांच्या आत मात्र मी जायचं नाही, असा घरचा नियम आहे. आणि खरं सांगायचं तर तो नियम अगदी रास्त आहे.

नियम ज्योतीचा, पण त्यामागचं शास्त्र तायडे सिस्टरांचं. त्यांना गाव सोडून आता दोन वर्षं होतील. ओट्यावर बसलो की डावीकडे त्यांचं दार दिसतं. तिथे आता दुसरं कुटुंब राहतं आणि दाराच्या कडीला मोटारसायकलचं हेल्मेट लटकलेलं असतं. सिस्टरांच्या वेळी तिथे साबणदाणी लटकलेली असायची.

धामणगाव बढ्याला मी नोकरीवर रुजू झालो आणि भाड्याची खोली घेतली, तेव्हा सिस्टर निवृत्त होऊन बसल्या होत्या. बसल्या होत्या हे आपलं म्हणायचं. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी या आणि आसपासच्या गावांत नर्सबाई म्हणून काढली होती. नाव लीलाबाई, पण ते रेशनकार्डापुरतं. सासू, सून, नातू, तिघंही त्यांना सिस्टरच म्हणत. बुटक्या, सडपातळ, नखं मांसापर्यंत कापलेली, अंगाला नेहमी लाल साबणाचा वास. निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं असल्यामुळे त्या कुणाला भीत नसत. पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं तेव्हा गावातल्या एका पुढाऱ्याला त्यांनी भर चौकात ऐकवलं होतं, "तुले मी उलटं धरून रडवलं हाये. तू मले आवाज चढवू नको."

मला त्यांनी उलटं धरलेलं नव्हतं. मी मेहकर तालुक्यातला, हिवरा आश्रमाकडचा. तरी ती उणीव त्यांनी पहिल्याच भेटीत भरून काढली.

आमच्या लग्नाला तेव्हा महिना झाला होता. आमच्याकडे, बौद्ध लग्नात, नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते. ज्योतीची साडी पांढऱ्याशुभ्र रेशमाची, बोटभर निळ्या काठाची. ती घेतली होती माझ्या सासऱ्यांनी. सासरे वडनेर भोलजीचे. नांदुऱ्याच्या बाजारात त्यांनी जन्मभर पोती वाहिली. पोत्यांनी त्यांचे हात इतके खरबरीत झाले होते, की रेशमाला लावले तर धागा ओढला जाईल, या भीतीनं त्यांनी दुकानात साडीला हातच लावला नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून, दोन तास बसून, त्यांनी ती साडी नुसत्या डोळ्यांनी निवडली. ही गोष्ट ज्योतीनं मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितली होती. तेव्हा मी "वा" म्हणालो होतो. एवढी अक्कल मला होती.

त्यापुढची नव्हती. साडी मी लॉण्ड्रीत देऊन, कडक स्टार्च करून आणली होती. तिला प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, वर सहा डांबरगोळ्या टाकल्या आणि पिशवीचं तोंड सुतळीनं आवळून ती भिंतीवर खिळ्याला टांगली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी अशी.

सिस्टर नवरी पाहायला आल्या. त्या मूळच्या वडनेरच्याच, म्हणून ज्योती त्यांची माहेरची पोर आणि त्या नात्यानं मी त्यांचा जावई. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, पिशवीकडे पाहिलं आणि फुलपात्र खाली ठेवलं.

"हे कोनं केलं?"

"मी," मी म्हणालो. शाबासकी मिळेल अशी माझी समजूत होती.

"पेशंटच्या तोंडाले पिशवी बांधून फासावर टांगलं तुमी, जवाईबापू. मरीन ना थे."

त्यांनी पिशवी उतरवली. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाल्या, "हात धुवा." मी धुऊन आलो. "असे नाही. साबन लावून, कोपरापर्यंत. वीस आकडे मोजा." मी मोरीत उभा राहून वीसपर्यंत मोजलं. आतून आवाज आला, "मोठ्यानं मोजा, मले आयकू येऊन नाही राह्यले." मास्तरकीची पदवी घेतलेला मी, नव्या नवरीसमोर, उजळणी म्हटल्यासारखा एक ते वीस आकडे म्हणत होतो. पुढे अनेक दिवस ज्योती मला बघून उगाच हसायची.

मग सिस्टरांनी साडी चादरीवर पसरली. आत राहिलेल्या दोन टाचण्या काढल्या. एकीच्या भोवती गंज धरायला सुरुवात झाली होती. स्टार्चवरून बोट फिरवून त्या म्हणाल्या, "हे भाताची पेज हाये. किडीले जेवन वाढून ठेवलं तुमी." साडी घरी नेऊन त्यांनी रिठ्याच्या पाण्यातून काढली, सावलीत वाळवली, जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळून परत आणली आणि दरसाल दिवाळीनंतर घडी बदलायला घेऊन येण्याची ताकीद दिली.

"घडी कशाला बदलायची?" मी विचारलं.

"पडून असलेल्या मानसाची कूस नाही बदलली तं पाठीले जखमा होतेत का नाही? तसंच हे. घडी जठी रोज पडते, तठीच फाटते."

साडीची कूस बदलायची, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. नंतर ते दरसाल पाहायला मिळालं. पाऊस संपून हवा कोरडी झाली की सिस्टरांच्या ओट्यावर गल्लीतल्या बायका आपापल्या लग्नाच्या साड्या घेऊन यायच्या. सिस्टर त्याला ओपीडी म्हणत. आमच्या समाजातल्या पांढऱ्या साड्या यायच्या, पाटलीणकाकूंचा पिवळा शालू यायचा, शिंप्याच्या घरची पैठणी यायची. सिस्टरांकडे जुनी लांबलचक वही होती. तिच्यात साडीवालीचं नाव, तक्रार आणि उपचार अशी नोंद व्हायची. 'काठाजवळ हळद. ऊन दाखवू नये.' 'पदराला अत्तर. बाईला समज दिली.' एकदा पाटलीणकाकूंच्या नव्या सुनेनं लग्नातला घागरा आणला. खडे, आरसे, टिकल्या लावलेला तो घागरा दोन बायकांनी उचलून ओट्यावर ठेवला. सिस्टरांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "हे पेशंट नाही, ट्रॅक्टर हाये. याले शेडमंधी लावा."

मी आपला ओट्याच्या कडेला उभा राहायचो. एका वर्षी त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "तुमी सायन्सचे सर. पांढरं कापड ठेवल्या ठेवल्या पिवळं काऊन पडते, सांगा बरं."

अशी संधी मी सोडणार नव्हतो. हवेतला प्राणवायू, तंतू, त्यांची रासायनिक अभिक्रिया, दहा मिनिटं मी बोललो. बायका शांतपणे ऐकत होत्या. सिस्टरही ऐकत होत्या.

"म्हंजे हवा लागून पडते?"

"हो."

"अन् पिशवीत कोंडलं तं?"

"तरी पडतं."

"मंग कराव काय?"

मला माहीत नव्हतं. तसं मी म्हणालो.

"मंग दहा मिनिटं कायले घालवले?" असं म्हणून त्यांनी पुढची साडी घेतली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो, पण ते मला लागलं. तसा मी मोठ्या मनाचा माणूस नाही. सिस्टरांना एकदा तरी चुकीचं ठरवायचं, हे मी त्या दिवशी ठरवून टाकलं, आणि पुढचं रामायण त्यातून घडलं.

ओपीडी संपून बायका गेल्या, की सिस्टर शेवटी आपली साडी काढायच्या. पेटीच्या तळाशी, तीन कापडांच्या आत. त्यांच्या लग्नाला पस्तीस वर्षं झालेली, नवरा तरुणपणीच गेलेला; पण साडी दूध वाटावं इतकी पांढरी. खरं म्हणजे ती सुनेसाठी जपलेली होती. सुनेनं पुण्यात हॉलमध्ये लग्न केलं ते गुलाबी घागऱ्यात, तोही एका दिवसासाठी भाड्यानं आणलेल्या. त्याबद्दल सिस्टर एवढंच बोलत, "रंग चांगला होता." मग नात झाली आणि साडी नातीची झाली. नात सहा वर्षांची. सिस्टर तिची उंची फोनवर विचारून घेत आणि साडीच्या घडीला सांगितल्यासारखं म्हणत, "वाढून राह्यली पोरगी. थोडा दम धर."

आमच्या लग्नानंतर तिसऱ्या वर्षी सासरे वारले. पुढच्या वर्षी धाकट्या मेहुणीचं, शीतलचं, लग्न वैशाखात ठरलं. शीतलनं एकच हट्ट धरला. नवी साडी नको. "बाबा नाहीत तं बाबांनं घेतलेली साडी तरी अंगावर पायजे," ती म्हणाली. ज्योती त्या वेळी पहिल्या बाळंतपणाला वडनेरला गेली होती. तिनं फोनवर मला बजावलं, "दिवाळीची घडी राह्यली. सिस्टरजवळ नेऊन द्या. तुमी काही करू नका."

'तुमी काही करू नका' हे वाक्य शहाण्या नवऱ्याला पुरतं. मी विज्ञानाचा शिक्षक होतो.

लहानपणी आमच्या घरी आई धान्याच्या कोठीत बिब्बे टाकायची. बिब्बा असला की धान्याला कीड फिरकत नाही. मी विचार केला, धान्याला फिरकत नाही तर साडीला कशी फिरकेल? डांबरगोळ्या म्हणजे रसायन, कडुलिंबाचा पाला म्हणजे सिस्टरांचा उपाय. बिब्बा मात्र नैसर्गिक आणि शिवाय माझा शोध. आठवडी बाजारातून मी पाच टपोरे बिब्बे आणले. आई ते अख्खेच टाकायची. पण गुण लवकर यावा म्हणून मी प्रत्येक बिब्बा सुईनं चार-चार ठिकाणी टोचला, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळला आणि साडीच्या घड्यांत बरोबर मध्ये ठेवून पेटी लावून टाकली. हात मात्र कोपरापर्यंत धुतले होते. वीस आकडेही मोजले होते.

दुसऱ्या दिवशी माझी तीन बोटं उतली. टम्म फोड आले. सिस्टरांनी कुंपणावरून पाहिलं.

"बोटाले काय झालं?"

"चहा सांडला."

त्या फोडांकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या. "चहा," एवढं म्हणून खोबरेल तेलाची वाटी देऊन आत गेल्या.

मधल्या काळात माझी मुलगी जन्मली, शाळेच्या परीक्षा झाल्या, ऊन तापलं. आमच्या खोलीवर पत्रे होते. एप्रिलात दुपारी त्या खोलीत ठेवलेली मेणबत्ती मान टाकायची. शीतलचं ब्लाउज शिवायचं म्हणून ज्योतीनं साडी मागवली आणि मी पेटी उघडली.

पाचही बिब्ब्यांतून तेल सुटलं होतं. कागद त्यानं पिऊन टाकला होता आणि कागदातून ते साडीत, घडीखालच्या घडीत, त्याखालच्या घडीत उतरलं होतं. मी साडी उलगडत गेलो तसतसे काळेभोर डाग निघत गेले, ओळीनं, सारख्या अंतरावर. एकोणीस. त्याच क्षणी मला आठवलं, की सातवीच्या वर्गाला मी स्वतः दरसाल शिकवत होतो: धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्बा वापरतात, कारण बिब्ब्याचा डाग कशानंही जात नाही. 'कशानंही' या शब्दाखाली मुलांकडून रेघ ओढून घ्यायचो.

मी खाली बसलो. डोळ्यांसमोर सासऱ्यांचे पाठीमागे बांधलेले हात आले. त्या माणसानं धागा ओढला जाईल म्हणून बोट लावलं नव्हतं आणि मी तिथे एकोणीस डाग पाडले होते. लग्नाला सव्वीस दिवस होते. मला स्वतःचा इतका तिटकारा पुन्हा कधी वाटला नाही.

साडी चादरीत बांधून मी सिस्टरांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी गाठ सोडली, पाहिलं, आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे, "तो चहा नव्हता."

"नव्हता."

मला वाटलं होतं त्या झापतील. त्याऐवजी त्यांनी मला मोरीकडे पाठवलं, स्वतः हात धुतले, साडी आपल्या अंगावर गुंडाळून आरशासमोर उभ्या राहिल्या आणि खडूनं खुणा करू लागल्या. कोणता डाग कमरेत खोचला जातो, कोणता निऱ्यांत जातो, कोणता पाठीमागे. बारा डाग लपणारे निघाले. सात पदरावर होते, नवरी उभी राहिली की सगळ्या मांडवाला दिसतील असे.

"जीव वाचते," त्या म्हणाल्या. "डाग माह्याकडे. सांगनं तुमच्याकडे."

"कुणाला सांगायचं?"

"कोनाले म्हंजे? जिची साडी हाये तिले. आज जा. तुमी सांगून आल्याबिगर मी सुई नाही उचलत."

मी मलकापूरच्या रस्त्यानं दोन गाड्या बदलून वडनेरला गेलो. वाटेत एक-दोन खोट्या गोष्टी रचून पाहिल्या. उंदीर, गळकं छप्पर वगैरे. एकही जमली नाही. ज्योती अंगणात मुलीला तेल लावत होती.

"साडीला डाग पडले," मी म्हणालो.

"कायचे?"

"बिब्ब्याचे."

तिचा हात थांबला. "साडीत बिब्बा कसा गेला?"

"मी ठेवला. किडीसाठी."

ती पुन्हा तेल चोळू लागली. मुलीचा एक पाय चोळून झाला, दुसरा झाला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बाबांनं हात नव्हता लावला त्या साडीले."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आता कोनाजवळ हाये?"

"सिस्टरजवळ."

"मंग राहू द्या तठीच. तुमी आता कधीच हात नका लावू तिले." तोच हा नियम.

परत येताना माझी उपयोगी पडण्याची खोड जागी झाली आणि मी मलकापुरातून पांढऱ्या कापडाचा तुकडा घेतला. सिस्टरांनी तो बोटांत चोळला. "हे चमकते. रुमालाले बरं हाये," म्हणाल्या आणि बाजूला ठेवला. कापडाचं त्या बघतील म्हणाल्या. पुढचे वीस दिवस मी त्यांना दुपारी खिडकीत पाठमोरं पाहिलं. विसाव्या दिवशी साडी हातात आली. हातात म्हणजे ज्योतीच्या भावाच्या. साडी न्यायला तोच आला होता. पदरावर सात पिंपळपानं होती. पांढऱ्यावर पांढरी, तळहाताएवढी, कडेला केसासारखे टाके, मधली शीर निळ्या दोऱ्यानं काढलेली. डाग कुठे होते ते मलाही सांगता आलं नसतं.

लग्नात बायका शीतलचा पदर धरून धरून पाहत होत्या. "ही पिंपळपानाची बुट्टी कुठची?" असं कुणीतरी विचारलं. ज्योती जराही न हसता म्हणाली, "आमच्या ह्यांनं खास करून घेतली." सगळ्या बायका कौतुकानं माझ्याकडे पाहू लागल्या. मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

वंदना सुरू व्हायच्या आधी शीतल पदरावर हात फिरवत म्हणाली, "बाबाची साडी," आणि रडायला लागली. सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "रड माय, पोटभर रड. पन डोळे रुमालाले पूस. काजळाचा डाग जात नाही." मी मलकापुराहून आणलेला तो तुकडा त्यांनी पिशवीतून काढून तिच्या हातात दिला. चारही कडा दुमडून शिवलेला.

नंतर काही वर्षं अशीच गेली. सिस्टर आपली साडी मात्र आता दार लोटून, एकट्याच काढायच्या. सिस्टरांचे गुडघे गेले. शेवटी त्यांचा मुलगा राहुल त्यांना पुण्याला न्यायला आला. दिवाळी नुकतीच झाली होती. सिस्टर म्हणाल्या, ओपीडी झाल्याशिवाय मी हलत नाही. राहुलला दोन दिवस थांबावं लागलं. बायका आल्या, साड्यांच्या कुशी बदलल्या, वहीत शेवटच्या नोंदी झाल्या, वही ज्योतीला मिळाली. सगळ्या गेल्यावर सिस्टरांनी मला हाक मारली.

"जवाईबापू, गुडघा वाकत नाही. दुसरं टोक धरा."

मला खरं वाटेना. नियमाचं काय, असं मी विचारलं.

"थो ज्योतीच्या साडीचा. ही माही हाये. हात धुवा."

मी धुऊन आलो. त्यांनी पेटीच्या तळातून आपली साडी काढली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन त्या मागे सरकत गेल्या. साडी उलगडत गेली, तशीच पांढरी. माझ्या हातात पदराचं टोक होतं. दारातून ऊन येत होतं, आणि ते पदरातून पलीकडे जाऊन जमिनीवर पडत होतं. सात ठिकाणी. सात पिंपळपानांच्या आकाराची भोकं. प्रत्येक भोकाच्या कडेनं धागे सुटू नयेत म्हणून बारीक टाके घातलेले होते.

मला एवढ्या वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं, की त्यांनी कापड आणलं कुठून.

"सिस्टर," मी म्हणालो, "ही तर नातीसाठी होती."

"हाव."

"मग?"

"मंग काय? किती वर्सं कूस बदलून राह्यली मी हिची. पेशंट इतका जपला, पन घरी कधी सोडलाच नाही. शीतलच्या अंगावर सात पानं मांडवात जाऊन आली. चांगलं झालं ना." मग साडीकडे पाहत म्हणाल्या, "नातीनं इचारलं तं सांगीन तिले. भोकं कायची हायेत, कोन्या सरनं पाडली, सगळं सांगीन."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले.

"धरा नीट," त्या म्हणाल्या. "जमिनीले लागू देऊ नका. अन् रडू नका तिच्यावर. मिठाचे डाग पडतेत."

आम्ही दोघांनी घडी घातली. जुनी घडी जिथे होती तिथून चार बोटं सरकवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. पेट्या मागे गेल्या. ते गाठोडं मात्र सिस्टरांनी मांडीवर घेतलं. गल्ली निरोपाला जमली होती. बायका हात हलवत होत्या, मीही हलवला. गाडी वळणावर हळू झाली तेव्हा खिडकीच्या काचेत सिस्टर दिसल्या. त्यांनी दोन्ही हात वर केले. मला वाटलं, जय भीम करताहेत. पण त्या तळहातावर तळहात चोळत होत्या, मग मनगट, मग कोपरापर्यंत, माझ्याकडे बघत.

त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत. गाडी गेल्यावर सगळे घरोघर गेले. मी मोरीत गेलो, साबण घेतला आणि वीसपर्यंत मोजलं, मोठ्यानं.